मामांनी मोडलेलं गाणं

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मामांच्या घरी मी दोन वर्षं राहिले, आणि त्या दोन वर्षांत त्या घरात एक सकाळ सोडली तर कुणी हळू बोललेलं मला आठवत नाही. वडिलांची बदली झाली, आई धाकट्या भावंडांना घेऊन त्यांच्याबरोबर गेली, उचगावच्या आमच्या घराला कुलूप लागलं आणि माझं कॉलेज मोडू नये म्हणून मला एक ट्रंक आणि गादीची वळकटी देऊन मामांकडे पोचवलं. मामी स्वयंपाकघरातून हाक मारायची ती रस्त्यापलीकडच्या उसात ऐकू जायची. दूधवाला ओरडायचा, शेजारची म्हातारी ओरडायची, आणि मामा प्रेमानं बोलले तरी नव्या माणसाला वाटायचं, आता मारामारी होणार. आमच्याकडे हे असंच असतं. बाहेरगावचा पाहुणा आधी बिचकतो, मग ताटात दुसरी भाकरी पडली की त्याला कळतं, ही माणसं रागावलेली नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या घरातली एक गोष्ट इतके दिवस माझ्या लक्षात आली नाही ती याच ओरडण्यामुळे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. विशीच्या आत घर सोडून मुंबईला गेले, हॉटेलात पडेल ते काम केलं, तिथल्याच एका बँडवाल्याकडून गिटार शिकले आणि पुढं तीसेक वर्षं विजेची गिटार गळ्यात अडकवून रॉक वाजवत राहिले. आजूबाजूचे सगळे इंग्रजीत गात होते तेव्हा यांनी हट्टानं मराठीत गाणी केली. दोन तबकड्या निघाल्या. एका तबकडीच्या पाकिटावर केस खांद्यावर सोडलेले, डोळे मिटलेले मामा होते, आणि ते पाकीट आमच्या आईनं उचगावला कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवलं होतं. पन्नाशी उलटल्यावर मुंबईला रामराम ठोकून ते बावड्यात परत आले, ते गिटार, ट्रंकेएवढा ॲम्प्लिफायर आणि मामी यांना घेऊन. गावात त्यांना ‘गिटारवालं’ म्हणत. केस अजून लांब होते, फक्त पांढरे झाले होते. पौर्णिमेला वंदना म्हणायला बसले की तेच केस मागं बांधून, पांढरा सदरा घालून इतके शांत दिसायचे की हाच माणूस तासाभरानं भिंती हलवणार आहे यावर विश्वास बसत नसे.

सकाळी सात वाजता रियाज सुरू व्हायचा. रियाज हा त्यांचाच शब्द. शेजारच्या गोठ्यातली म्हैस सुरुवातीला दावं तोडायला बघायची, नंतर सरावली. म्हशीचा मालक भेटेल त्याला सांगत सुटला होता, “गिटार सुरू झाल्याबिगार पान्हाच सोडत न्हाय वो ती!” मामी ॲम्प्लिफायरवर ताकाचा तांब्या ठेवायची, मामा ओरडायचे, ती तांब्या उचलायची आणि थोड्या वेळानं चटणीची वाटी ठेवायची. चटणी शेंगदाण्याची, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. गरम भाकरी, ती चटणी, वर दही, आणि पलीकडच्या खोलीतून गिटारचा एकच तुकडा वीस-वीस वेळा. आजही तव्यावर भाकरी फुगली की मला तो तुकडा ऐकू येतो. माझ्या सुना हसतात. हसू देत.

मी तिथं राहायला गेले तेव्हा मामांच्या डोक्यात नवा अल्बम होता. बहुधा शेवटचाच, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नाव ठरलं होतं, ‘तुझ्या काठानं’. एक गाणं प्रेमाचं, पुढचं नदीचं किंवा झाडाचं, पुन्हा प्रेमाचं, अशी रांग. प्रेमाची सगळी गाणी मामीवर होती. ओल्या साडीचा पिळा खांद्यावर टाकून गच्चीवर जाणारी बाई, रागावली की भांडी आपटणारी बाई. नदीच्या गाण्यात पाण्यावर आलेला फेस होता, आपल्याच मोऱ्यांतून तिथं जाणारी घाण होती, रस्ता रुंद करताना पाडलेली चिंच होती. पण गंमत अशी की ऐकताना कधीकधी कळायचंच नाही हे मामीबद्दल चाललंय की नदीबद्दल. मामीला विचारलं तर म्हणायची, “माझ्यावर गाणं लिवलंय म्हणं. आदी रॉकेल संपलंय ते बगा म्हणावं.” आणि मग पाठ फिरवून चुलीकडे बघत हसायची. मला ते हसू फार आवडायचं.

कॅसेट विकणाऱ्या एका दुकानदाराला हे काही पसंत नव्हतं. तो घरी येऊन म्हणाला, “मास्तर, प्रेमाची सगळी एका बाजूला घ्या, झाडापाण्याची दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक एकच बाजू ऐकतंय.”

मामा म्हणाले, “म्हंजे बायकूवर प्रेम सोमवारी आनि नदीवर मंगळवारी करायचं व्हय? दोनी एकाच घरातली हाईत की. च्या घ्या आनि निघा.”

त्यानं चहा घेतला आणि तो निघाला. मला त्या दिवशी मामांचा इतका अभिमान वाटला की कॉलेजात चार मैत्रिणींना मी तो प्रसंग अभिनयासह करून दाखवला.

रेकॉर्डिंग शाहूपुरीत होतं, रफिकभाईंच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, भिंतींना गोणपाट आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या. खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की वरची जमीन थरथरायची, म्हणून रेकॉर्डिंग फक्त दुपारी, गिरणीवाला जेवायला आणि झोपायला घरी जायचा तेवढ्या वेळात, एक ते चार. खालून ज्वारीच्या पिठाचा गोड वास वर येत असायचा. मामा आणि त्यांचे दोन वादक जिना चढेपर्यंत विनोद करत, आणि गिरणीचा पट्टा थांबला की एकदम गंभीर होत. रफिकभाई बारीक, अबोल माणूस. कोल्हापुरात राहून हळू बोलणारा मी पाहिलेला एकटाच. कॉलेज सुटलं की मी तिथं जाऊन कोपऱ्यात बसायची. कधी मागं कोरसला उभी राहायची. आवाज बरा होता माझा, पण ‘बरा’ म्हणण्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं.

एके संध्याकाळी मामा लहान टेपरेकॉर्डर आणि माइक घेऊन नदीवर गेले. अल्बमच्या शेवटच्या गाण्याला सुरुवातीला रातकिड्यांचा आवाज हवा होता. लहानपणी याच काठावर दिवस मावळला की रातकिडे असे ओरडायचे की आईची हाक ऐकू यायची नाही, असं ते नेहमी सांगत. तासाभरानं परत आले ते टेप न चालवताच. चपला काढून उंबऱ्यावर बसले. मामीनं पाणी दिलं तरी प्यायले नाहीत.

“एक बी न्हाय,” ते म्हणाले. “सगळं मेलं की गं. तासभर बसलो. एक किडा न्हाय, चिमणी-बिमणी न्हाय. कावळं तेवढं हाईत.”

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी एक गाणं केलं. त्यातल्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

कोण घेऊन गेलं रं सांजेचं बोलणं,
काठ गप झाला, माझा काठ गप झाला.

चाल अगदी साधी, गिटारचे तीन स्वर, आणि मध्येमध्ये मोठ्या जागा मोकळ्या सोडलेल्या. त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मामी हातातला पळा घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि आत आमटी उतू गेली. मी तर रडलेच. मामांनी एवढं चांगलं गाणं त्याआधी केलं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. गाणं संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

“सुजे, हे तू म्हनायचंस. एकटीनं. माझा आवाज म्हातारा झालाय, ह्याला कवळा पायजे.”

त्या आठवड्यात मी जमिनीवर चालत नव्हते. अंघोळ करताना, कॉलेजच्या बसमध्ये ओठ हलवत, भांडी घासताना मी तेच गात होते. अल्बमच्या पाकिटावर बारीक अक्षरात का होईना ‘सुजाता’ असं छापलं जाणार होतं.

रेकॉर्डिंगला चार दिवस राहिले असताना मामांनी मला नदीवर पाठवलं. रातकिडे नाहीत तर नाहीत, निदान पाण्याचा आवाज आण म्हणाले. सूर्य बुडत होता. मी काठाला बसले, कानाला हेडफोन लावले, माइक पाण्याकडे धरला आणि बटण दाबलं. पाणी ऐकूच येईना. कानात नुसती किर्र किर्र, अशी की डोकं भणाणून गेलं. मला वाटलं यंत्र बिघडलं. हेडफोन काढले. तरी तेच. गवतात, बाभळीत, माझ्या पायाशी, सगळीकडे रातकिडे. वर झाडात कुठलीशी बारकी पाखरं झोपायच्या आधीची भांडणं करत होती.

मूर्खासारखा मला आनंद झाला. ते परत आले, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी काही न सांगता मामांचा हात धरून त्यांना त्याच जागी नेलं. किडे कालच्यापेक्षा जास्तच माजले होते. मामा खाली बसले, थोडा वेळ डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “बघ, कसं गप हाय. ऐकू आलं का तुला, गपपना?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. तीस वर्षं त्यांच्या उजव्या कानापासून दोन हातांवर ड्रमची झांज होती आणि पाठीशी तो ट्रंकेएवढा ॲम्प्लिफायर. नदी गप झाली नव्हती. मामांच्या कानातून बारीक आवाज निघून गेले होते, आणि आम्ही सगळे जन्मभर ओरडूनच बोलत आलो असल्यामुळे ते ना त्यांना कळलं होतं, ना आम्हाला.

“व्हय मामा,” मी म्हणाले. “लई गप हाय.”

सांगितलं तर त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं खोटं ठरणार होतं. वाजवणाऱ्या माणसाला तुझे कान गेले म्हणून सांगायचं, तेही त्याच्या घरचं खाऊन, अठरा वर्षांच्या पोरीनं. आणि खरं सांगायचं तर याहून मोठी भीती वेगळीच होती. गाणं गेलं की माझंही गेलं. पाकिटावरचं नाव गेलं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण रात्रभर मी मामांचा कमी आणि त्या नावाचा विचार जास्त केला.

सकाळी मामी भाकऱ्या थापत होती तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. “दोन वर्सं झाली. कुकर शिट्ट्या मारतोय आनि हे शेजारी बसून पेपर वाचत्यात. बांगड्या वाजवत मागं जाऊन हुबी ऱ्हाते, वळत न्हाईत.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“मी सांगितलं तर नवरा-बायकूचं भांडान हुतंय. तू सांगितलंस तर ते गान्याच्या कामाचं बोलनं हुईल.” तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. “ह्यो मानूस खोटं गानं बाहीर काडायचा न्हाय. नंतर कळलं, तर त्येच्या जिवाला लागंल. तू सांग. माझ्याच्यानं न्हाय हुयाचं.”

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नेला. गिरणी थांबली. वादकांनी वाद्यं जुळवली. मामांनी मला माइकसमोर उभं केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “घे.” मी पिशवीतून कॅसेट काढली आणि रफिकभाईंच्या हातात दिली. “आधी हे लावा,” म्हटलं. त्यांनी लावली. खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून नदीकाठची ती किर्र किर्र एकदम अंगावर आली. ड्रमवाल्यानं कानांवर हात ठेवले.

मामा वाट बघत उभे होते. “लावा की,” ते म्हणाले.

रफिकभाईंच्या यंत्रावर आवाजाचा काटा होता. तो उजव्या टोकाला जाऊन थडथडत होता. मामांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. ते वाकून बघत राहिले.

“मशीन बिघडलंय व्हय रं रफिक? काटा नाचाय लागलाय.”

रफिकभाईंनी मान खाली घातली. मग मीच बोलले. ओरडूनच बोलावं लागलं, किड्यांचा आवाज इतका होता. “मामा, मशीन चांगलं हाय. ही आपली नदी हाय. चार दिसामागची. रातकिडं हाईत, पाखरं हाईत, सगळं हाय. तुमास्नी ऐकू येत न्हाय.”

त्यांनी एक-एकाच्या तोंडाकडे बघितलं. रफिकभाई म्हणाले, “उस्ताद, झांज वाढव म्हणताय तुम्ही रोज. मी दोन महिने गुपचूप कमी करतोय.” मामा पुढं झाले आणि त्यांनी स्पीकरच्या जाळीवर हाताचा तळवा टेकवला. तसाच ठेवून कॅसेट संपेपर्यंत उभे राहिले. मग गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या नीट लावल्या आणि जिना उतरून गेले. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. ड्रमवाल्यानं मला खालून चहा आणून दिला. तो मी प्यायले नाही.

तीन दिवस घरात गिटार वाजली नाही. म्हशीचा मालक येऊन विचारून गेला. मामा माझ्याशी बोलत नव्हते, मामीशीही नाही. मी आईला पत्र लिहिलं, मला घेऊन जा म्हणून, आणि टाकलं नाही. चौथ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला ते माझ्या खोलीच्या दारात आले.

“चपला घाल,” म्हणाले.

नदीवर गेलो. ते काठावर बसले आणि मला शेजारी बसवलं. “आता सांग. काय काय हाय? एक बी सोडू नगंस.”

मी सांगायला लागले. डाव्या हाताला गवतात किडे, एका लयीत, मध्येच थांबतात. बाभळीत दोन पाखरं, एक विचारतंय आणि एक उत्तर देतंय. पलीकडच्या काठाला अजून एक किडा, याच्याहून जाड आवाजाचा. मामा मांडीवर बोटांनी ताल धरत होते. “थांबत्यात कधी? परत सांग. किती येळ थांबत्यात?” असं विचारत होते. अंधार पडेपर्यंत मी बोलत होते. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

“ते गानं मोडलं बघ मी,” ते म्हणाले. “लई चांगलं हुतं. पर नदीवर नुसता आळ घेटलावता. घान झालीया ती, म्हातारी झालीया, पर मेली न्हाय अजून. जित्याला मेलं म्हनायचं आनि त्येच्यावर टाळ्या घ्यायच्या, हे आपल्याला न्हाय जमायचं.” मग थोडं चालल्यावर म्हणाले, “आनि तू कशापायी रडत हुतीस? चांगलं केलंस की.”

इतका मोठा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. मानसन्मान मिळवलेले पुष्कळ पाहिले. आपलं सगळ्यात चांगलं काम, ते खरं नाही एवढ्याच कारणावरून, आपल्या हातानं मोडून टाकणारा हा एकच.

शेवटचं गाणं मग वेगळंच झालं. मामा गात विचारतात, सांग गं, काय ऐकू येतंय, आणि मी गायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. रेकॉर्डिंगला माझ्या कानांना हेडफोन होते, त्यात नदीची कॅसेट. “पाठ करून बोलायचं न्हाय,” त्यांनी बजावलं होतं. “त्या वक्ताला जे ऐकशील तेच.” मी सांगत गेले आणि माझ्या प्रत्येक वाक्यापाठोपाठ ते गिटारवर ते वाजवत गेले, न ऐकलेले किडे, न ऐकलेली पाखरं, आणि ती पाखरं इतकी तंतोतंत होती की रफिकभाईंनी डोळे पुसले. हे गाणं मामीवर आहे की नदीवर, असं मी नंतर विचारलं. मामा म्हणाले, “जे आता मला ऐकू येत न्हाय त्येच्यावर हाय. तुजी मामी बी बारक्या आवाजात काय काय बोलत असंल की माज्या माघारी.” मामी आतून ओरडली, “काय बी बोलत न्हाय!” ते मात्र त्यांना ऐकू गेलं.

अल्बम फार खपला नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, मामीही गेली. मध्यंतरी कुणीतरी ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि आता माझ्या नातीच्या वयाची मुलं ती मोबाइलवर ऐकतात. शेवटच्या गाण्यातली मुलगी कोण, असं खाली विचारतात. मी उत्तर देत नाही, पण वाचते आणि सुखावते.

गेल्या वर्षी, दिवस मावळताना, मी त्याच काठावर जाऊन बसले. पलीकडे इमारती झाल्यात, काठाला दगडी बांध घातलाय, दिव्यांचे खांब लागलेत. तासभर बसले. काहीच ऐकू आलं नाही. गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. घरी आले आणि मुलाला म्हटलं, मला कानाच्या डॉक्टरकडे ने. मामांचंच रक्त, वयही झालेलं, मला तसं दुःख काही वाटलं नाही. उलट मी जवळजवळ आनंदातच गेले. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून तपासणाऱ्या मुलीनं बारीकबारीक आवाज सोडले, आणि प्रत्येक आवाजाला मी बोट वर केलं. मनात एकच होतं. आता कुणीतरी माझ्यापुढं काटा ठेवावा आणि सांगावं, बाई, आहेत ते सगळे, तुम्हालाच ऐकू येत नाहीत.

डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, “आजी, तुमच्या वयात इतके चांगले कान मी क्वचित बघते. एक आवाज सुटला नाही तुमचा.”

मी जागची हलले नाही. “परत एकदा बघा की,” मी म्हटलं. “नीट बघा.”